भाकरीशी लावून बघा

फोन आला तेव्हा माझ्यासमोर एका साहेबांच्या मिसेस उभ्या होत्या आणि पिझ्झ्यासाठी काळे ऑलिव्ह घ्यावेत की हिरवे, यावर आमची चर्चा चालली होती. साधाच दिवस. शाळा सुटल्यावर मी घरी येऊन चहा घेतला आणि खाली दुकानात येऊन बसले. दिलीप सकाळच्या गाडीने सुरतेला माल आणायला गेला होता. तो गेला की दुकान माझ्याकडे असायचं.

फोन सुरतेच्या व्यापाऱ्याचा होता. हा माणूस एरवी इतक्या मोठ्याने बोलतो की फोन लांब धरावा लागतो. त्या दिवशी हळू बोलत होता. "बेन, दिलीपभाई अहीं बेठा हता, चा पीता हता..." पुढचं त्याने हिंदीत सांगितलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी फोन ठेवला. मिसेसना काहीच कळलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग? काळे देताय की हिरवे?"

मी म्हटलं, "हिरवे न्या. काळे मुलं बाजूला काढून ठेवतात."

त्या हिरवे घेऊन गेल्या. मग मी शटर ओढलं.

आता त्या बाई दुकानावरून जाताना रस्त्याच्या पलीकडून जातात. नंतर त्यांना कोणीतरी सांगितलं असणार. त्यांना हाक मारावीशी वाटते, की अहो, तुम्ही ऑलिव्हच तर विचारलेत!

दुकान म्हटलं की असे प्रसंग साचत जातात. फळीमागे पडलेल्या पुड्यांसारखे ते एरवी दिसत नाहीत, आवराआवरीला हात घातला की एकेक बाहेर येतो. सध्या मी तेच करते आहे. मुलगी नाशिकला असते. ती म्हणते, "आई, दुकान बाबांचं होतं. तू ते कसं चालवणार? बंद कर आणि इकडे ये." मी तिला सांगितलंय, हातातला माल संपू दे, मग ठरवू. माल संपत आला की मी पुन्हा थोडा आणते. हे तिला सांगितलेलं नाही.

(दिलीप आणि मी एका वर्गात होतो, म्हणून लिहिताना एकेरी येतं. कोणी गैरसमज करून घेऊ नये.)

*

दिलीप बँकेत होता. बरीच वर्षं बडोद्याला आणि सुरतेला काढली, तिथे त्याला चीज, सॉस, मशरूम, असल्या गोष्टींच्या चकाचक दुकानांचं वेड लागलं. स्वेच्छानिवृत्ती घेऊन नंदुरबारला आला आणि घराखालीच तसलं दुकान टाकलं. गाव म्हणालं, याचं डोकं फिरलं. ज्या गावात मिरचीचे ढीग वाळत पडतात, तिथे हा इटलीचा सॉस विकणार! दुकानाला त्याने चांगलं नाव दिलं होतं, पण लोकांनी त्याचं अहिराणीत 'फॉरेनना किराणा' करून टाकलं. तेच टिकलं.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे नाना पाटील. तापीकाठी केळी आणि पपईची शेती, राहायला आमच्या गल्लीत. घेणार काही नाही, पण बाकावर रोज संध्याकाळी हजर. दिलीपने हौसेने त्यांना निळ्या चीजचा तुकडा दिला. नानांनी तो उजेडात धरला.

"दिलीप, याले तं बुरशी लागेल शे!"

"नाना, बुरशी लागते म्हणून तर त्याला जगभर मान आहे."

नानांनी दुसऱ्या दिवशी येताना वर्तमानपत्रात काहीतरी गुंडाळून आणलं. आत शिळी, हिरवी पडलेली अर्धी भाकरी.

"हाई फ्रान्सले धाड," म्हणाले. "माल तयार शे!"

*

दुकानातली भाकरीची पद्धत त्यानंतरच सुरू झाली. दिलीप म्हणाला, आपल्या माणसाला क्रॅकर बिस्किटावर ठेवून काही दिलं तर तो क्रॅकरच बघत बसतो. त्याच्या ओळखीच्या घासाबरोबर दिलं पाहिजे. मग मी रोज सकाळी कळण्याची भाकरी जास्तीची करायला लागले. ज्वारी आणि उडदाची ती भाकरी काउंटरवर फडक्यात गुंडाळलेली असायची. कुठलाही नवा पदार्थ आला, की दिलीप चतकोर मोडून पुढे करायचा आणि म्हणायचा, "भाकरीशी लावून बघा. नाही जमलं तर नेऊ नका."

ऑलिव्ह ऑइल भाकरीशी जमलं. पीनट बटर जमलं, पण "ही तं शेंगदाणानी चटणी, तिखट टाकाले इसरी गयात," असा शेरा मिळाला. मेयोनीज नापास झालं. नाना म्हणाले, "हे आजारी माणसाला द्या."

विसरवाडीचा एक ढाबेवाला यायचा. हायवेवर ट्रकवाल्यांची गर्दी असते, काहीतरी वेगळं ठेवावं म्हणून त्याने दिलीपकडून ऑरिगॅनोचा मोठा डबा नेला आणि बाहेर बोर्ड लावला : इटालियन शेवभाजी.

महिन्याभराने डबा परत घेऊन आला. दिलीपने विचारलं, "काय झालं? खपत नाही?"

"शेठ, भाजी खपते. पण प्रत्येक ड्रायव्हर खाऊन झाल्यावर विचारतो, 'भाजीत ओवा टाकला? माझं पोट तर ठीक आहे!'"

*

गावीत सर नवापूरकडचे. माझ्याच शाळेतून निवृत्त झाले. त्यांच्या घरी नाताळचा केक घरीच होतो. त्यासाठी त्यांना साखरेत मुरवलेल्या संत्र्याच्या साली लागायच्या. दिलीप दर डिसेंबरात सुरतेहून मुद्दाम आणायचा.

एका वर्षी सरांनी डबा उघडून आईसमोर ठेवला. आई खूप म्हाताऱ्या. डोंगरातल्या गावातच सगळा जन्म गेलेला. त्यांनी तुकडा चोखून बघितला आणि हे काय म्हणून विचारलं. सरांनी सांगितलं, "संत्र्याच्या साली आहेत. विकत आणल्यात."

आई त्यांच्या डोंगरातल्या आदिवासी कोकणी बोलीत काहीतरी म्हणाल्या आणि घरातले सगळे हसत सुटले. सरांनी आम्हाला त्याचं मराठी करून सांगितलं :

"साली आपल्याला विकल्या. मग संत्री कोणी खाल्ली?"

दिलीपने हा प्रश्न सुरतेच्या व्यापाऱ्याला विचारला. तो अजून विचार करतोय म्हणे!

*

जीजींचा किस्सा मी सहसा कोणाला सांगत नाही. पण तो या दुकानातलाच आहे.

जीजी एकट्या राहतात. शेती बटाईने दिलेली आणि मुलगा अमेरिकेत. त्याने आईला फोनवर सांगितलं, रोज अवोकाडो खा, हृदयाला चांगला असतो. जीजी दुकानात आल्या, चिठ्ठीवर लिहून आणलेलं नाव दाखवलं आणि एक अवोकाडो नेला. दुसऱ्या दिवशी परत आल्या.

"काय हो जीजी, कसा लागला?"

"काय सांगू भाऊ! वांगासारखं भाजाले ठेवं, तं पघळी गयं!"

त्यांनी त्याचं भरीत करायला घेतलं होतं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, सगळी तयारी. दिलीपने समजावलं, की हे कच्चंच खायचं. भाकरीशी लावूनही दिलं. जीजींनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला नाही. मग जरा वेळ बसल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, जरा हातमा देस का?"

दिलीपने एक चांगला टपोरा अवोकाडो त्यांच्या हातात दिला. जीजींनी पदर नीट केला, मुलाला व्हिडिओ कॉल लावला, अवोकाडो गालाजवळ धरला आणि म्हणाल्या, "हाई दख. रोज खास मी."

फोन झाल्यावर फळ पदराने पुसून टोपलीत परत ठेवलं.

तेव्हापासून दर रविवारी हा कार्यक्रम. दिलीप जीजींसाठी टोपलीतला सगळ्यात देखणा अवोकाडो बाजूला ठेवायचा. एकदा एका गिऱ्हाइकाने नेमका तोच मागितला. दिलीप म्हणाला, "तो नाही मिळणार. तो अमेरिकेला जातो!"

*

आता एक गोष्ट सांगते, ती तेव्हा फक्त आम्हा दोघांना माहीत होती.

त्या मोठ्या साथीत दिलीपला ताप आला. बरा झाला, पण जिभेची चव गेली. वासही गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. एकदा माझ्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडलं. मी पहिला घोट घेतला आणि थुंकायला उठले. परत येऊन बघते तर त्याचा कप रिकामा!

चव आली नाही. माणूस पदार्थांचं दुकान चालवतो आणि त्याला तिखट तेवढं झोंबतं, बाकी काही कळत नाही! मी म्हटलं, आता दुकान बंद करू. तो म्हणाला, "तुझी जीभ आहे ना."

मग आमचा रिवाज ठरला. नवा माल आला की संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी तो भाकरीबरोबर खायचे आणि कसा लागतो ते त्याला सांगायचे. नुसतं आंबट, खारट सांगून त्याचं भागायचं नाही. "आंबट म्हणजे कसं? ताकाचं की चिंचेचं? कधीचं ताक?" असं खोदून खोदून विचारायचा. मी शोधून शोधून सांगायचे. तीस वर्षं मराठी शिकवलं, पण शब्दांसाठी इतकी धडपड मी वर्गात कधी केली नाही. एका चीजबद्दल मी म्हटलं, "पावसाळ्यात शाळेचं बंद कपाट उघडावं तसा वास, आणि मग मागून गोड सायीची चव." दुसऱ्या दिवशी त्याने ते डोळे मिटून गिऱ्हाइकाला जसंच्या तसं सांगितलं. वर हाताने कपाट उघडून दाखवलं!

चीज संध्याकाळपर्यंत संपलं.

एक मुख्याध्यापिका बाई मला म्हणाल्या, "तुम्ही लिहिता ते आम्ही वाचतो हो. पण खरे कवी तुमचे मिस्टर आहेत!"

मी म्हटलं, "हो. ते आहेतच."

घरी येऊन त्याला सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाला मिळालेली ती सगळ्यात मोठी दाद.

*

तो गेल्यानंतर काही महिन्यांनी मी पहिल्यांदा एकटी सुरतेला गेले. व्यापाऱ्याकडचं काम झाल्यावर वाटलं, दिलीप ज्या मोठ्या दुकानांबद्दल बोलायचा त्यातलं एखादं बघावं. गेले. आत गार हवा, मंद गाणी, चीजचाच एक वेगळा कोपरा. ॲप्रन घातलेली एक मुलगी काडीला तुकडा टोचून प्रत्येकाला चाखायला देत होती.

मला दिला. मी सवयीने पर्स उघडली, डब्यातली भाकरी काढली, चतकोर मोडला आणि त्याच्याशी लावून खाल्ला. मुलगी बघत राहिली. सुपरवायझर दोन पावलं पुढे आला. बाहेरचं खाणं आत चालत नाही, असं काहीतरी म्हणणार होता बहुतेक. तेवढ्यात माझ्या शेजारच्या, हिऱ्याच्या कुड्या घातलेल्या बाईंनी माझ्या हातातल्या भाकरीकडे बोट दाखवून त्यालाच विचारलं :

"भाई, आ कयी ब्रेड छे? अमने पण आपो ने!"

सुपरवायझर गोंधळून मागच्या फळ्यांकडे बघायला लागला. मी त्या बाईंना अर्धी भाकरी दिली. त्यांनी ती कागदात गुंडाळून घेतली.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. मी मनात किस्सा जुळवत बसले. कुठून सुरू करायचा, कुड्या आधी सांगायच्या की नंतर, सुपरवायझरचा चेहरा कसा करून दाखवायचा. व्यारा गेलं, नवापूर गेलं. किस्सा छान जमला. नंदुरबारचे दिवे दिसायला लागले, पिशव्या उचलल्या, आणि डब्याच्या दारापर्यंत आल्यावर लक्षात आलं की घराला कुलूप आहे.

*

आता शेवटचा. हा परवाचा आहे.

त्या सुरतेच्या खेपेत मी तेलात मुरवलेल्या, वाळवलेल्या टोमॅटोच्या बरण्या आणल्या होत्या. आपल्या दुकानात हा माल पहिल्यांदाच. संध्याकाळी नाना आले, बाकावर बसले. मागोमाग गावीत सर. दोघंही रोज येतात. दिलीप नसला तरी येतात, बसतात. पाऊसपाणी बोलतात आणि जातात.

नानांनी बरणी हातात घेतली. "मास्तरीणबाई, हे काय?"

माझ्याशी बोलताना नाना शाळेतली मराठी बोलायला जातात आणि मध्येच घसरतात.

"टोमॅटो आहेत. वाळवलेले."

"कोनी वाळवात?"

"इटलीत वाळवतात."

"आमच्याकडे भाव पडला की वावरात आपोआप वाळतात," नाना म्हणाले. "त्यांना कोनी बरणीत भरत नाही."

मी हसले. मग म्हटलं, "नाना, एक सांगायचं होतं. मी बहुतेक दुकान बंद करीन. मुलगी बोलावते आहे. आणि खरं म्हणजे हे मला जमणारं नाही. माल कसा लागतो ते दिलीप सांगायचा. लोक त्याच्या जिभेवर विश्वास ठेवून यायचे."

नानांनी गावीत सरांकडे बघितलं. सर बाहेर रस्त्याकडे बघायला लागले.

"जिभेवर?" नाना म्हणाले.

"हो."

"बाई, त्याची जीभ तं गयेल व्हती."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"साथीनंतरची गोष्ट. मला शंका आली. हा पहिल्यासारखा खात नव्हता, खाताना आमच्या तोंडाकडे बघायचा. म्हणून मी एक दिवस गंमत केली. तो आत माल आणायला गेला, तवा वाटीतलं ते ऑलिव्हचं तेल ओतून टाकलं आणि घरून आणलेलं तेल भरलं."

"कसलं तेल?"

नानांनी मांडीवरच्या टोपीची घडी दाबली.

"एरंडेल."

"नाना!"

"अहो, मला वाटलं, तोंडात घालताच थुंकेल, मला चार शिव्या देईल, आपण हसू. तो आला. भाकरीचा तुकडा वाटीत बुडवला. चांगला बुडवला! खाल्ला. डोळे मिटले. आणि म्हणाला, 'नाना, दाटपणा बघा. एक नंबर माल! डोंगरउतारावर दुपारचं ऊन पडलंय, कोवळं गवत नुकतंच कापलंय, तसं लागतं.' आणि परत बुडवला."

गावीत सर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "मी नानांचा हात धरला होता. घट्ट."

"दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं," नाना म्हणाले.

होतं. मला आठवलं. पोट बिघडलंय म्हणून तो दिवसभर घरात होता. मी चीजला दोष दिला होता.

"मग तुम्ही त्याला काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार?"

"तीन वर्षं? तुम्ही दोघं रोज येऊन बसत होतात, त्याच्याकडून ऐकत होतात, माल नेत होतात..."

"मन्हा घरमा अजून त्या बरण्या शेतस," नाना म्हणाले. "मेयोनीजबी शे!"

सर हसले. बाहेरून एक टेम्पो गेला. नानांनी मांडीवरची टोपी फिरवली आणि खाली बघतच म्हणाले, "ते गवताचं. दुपारच्या उन्हाचं. ते त्याचं नव्हतं, बाई. दिलीपले मी पोरगा व्हता तधळपासून वळखस. त्याले गवत आन् कडबा यामधला फरक कळे नई."

मी फडकं उघडलं. सकाळची भाकरी होती. चतकोर मोडून त्यावर टोमॅटोचा तुकडा ठेवला आणि नानांच्या हातात दिला. दुसरा सरांना दिला. नानांनी घास तोंडाजवळ नेला आणि तसाच धरून ठेवला.

"तुम्ही खाऊन बघितलं?"

"हो. काल संध्याकाळी."

"मग सांगा ना," नाना म्हणाले. "कसं लागतं?"

ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. शब्द शोधते आहे.